क्रोन्स, आकसलेलं आतडं आणि ऑपरेशन : भावाचा अनुभव, तुमचेही सांगा

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, काल भावाची ऑपरेशननंतरची सहा महिन्यांची कोलोनोस्कोपी झाली आणि रिपोर्ट समोर ठेवूनच लिहायला बसलेय. क्रोन्स म्हणजे आतड्याला पुन्हा पुन्हा सूज येत राहायचा जुनाट आजार. विषय पोटाचा आणि संडासाचा आहे, पण या आजाराची माणसं लाजून गप्प बसतात आणि त्यातच वर्षं जातात, म्हणून सगळं मोकळेपणानं लिहिणार आहे.

माझा धाकटा भाऊ, वय २९, कुपवाड एमआयडीसीत मशीनवर असतो. २०१९ चा महापूर आला तेव्हा आम्ही सगळे विश्रामबागला मामाकडे वरच्या मजल्यावर होतो आणि तिथंच याचं पोट पहिल्यांदा दुखलं, उजवीकडं खाली. सगळे म्हणाले पुराचं पाणी बाधलं. पूर ओसरला, घर धुऊन झालं, दुखणं काही गेलं नाही. जेवण झालं की अर्ध्या-पाऊण तासानं कळ यायची, पोटात गुडगुड, मग जुलाब. वजन ६८ वरून ५१ वर आलं, अंगावरचे शर्ट बघवत नव्हते.

कोलोनोस्कोपीत लहान आतडं जिथं मोठ्याला मिळतं तिथं जखमा दिसल्या आणि पोटाचा टीबी म्हणून औषधं सुरू झाली. आता आपल्याकडं टीबी इतका आहे आणि दोन्ही आजार त्याच जागी, जवळजवळ तसेच दिसतात, त्यामुळं टीबीचा संशय घेतला यात माझं काही म्हणणं नाही. माझं दुखणं वेगळं आहे. त्या दवाखान्यात नऊ महिने गोळ्या चालू ठेवल्या आणि मधे एकदाही परत दुर्बीण घालून बघितलं नाही. नंतर कळलं की टीबी असेल तर दोनेक महिन्यांत जखमा भरत आलेल्या दिसतात, आणि दिसल्या नाहीत तर निदानच पुन्हा तपासायचं असतं. नऊ महिने! तेवढ्यात आतडं आतून आकसत चाललेलं.

मग मिरजेला दाखवलं. मिशनरी डॉक्टर वानलेसांनी १८९४ साली हॉस्पिटल उभं केल्यापासून मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, आमच्या आजीपासून सगळ्यांचे पाय शेवटी तिकडंच वळतात. तिथं परत बायोप्सी, परत सीटी आणि निदान क्रोन्स. स्टेरॉइडनं पंधरा दिवसांत माणूस उभा राहिला, पण डोस कमी केला की परत दुखणं, परत डोस वाढवायचा. अॅझाथायोप्रिन म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध असतं, तेही दिलं. असं करत दोन वर्षं गेली. डॉक्टरांनी एकदा सर्जनला भेटून या म्हणून चिठ्ठी दिली होती, ती आईनं देवाऱ्यात ठेवून दिली. आमच्या घरात ऑपरेशन म्हणजे सगळे उपाय हरल्यावर करायची गोष्ट, त्यामुळं कुणी विषयच काढायचा नाही.

या जानेवारीत मित्रांबरोबर जतच्या बाजूला हुरड्याला गेला. नको म्हणलं होतं, पण पोराला किती दिवस सगळ्यातून बाजूला काढायचं. त्या रात्री पोट ढोलासारखं फुगलं, हिरव्या उलट्या, गॅस पास होणं बंद. एक्सरेत पाण्याच्या पायऱ्या दिसत होत्या, म्हणजे आतडं अडल्याची खूण. नाकातून नळी घातली, त्यातून जे दीड-दोन लिटर निघालं ते मी बघितलंय. सीटीत दोन जागी आतडं आकसलेलं आणि एकाच्या शेजारी पाच सेंटीमीटरचा पूचा गोळा.

आम्हाला वाटलं आता रातोरात ऑपरेशन. सर्जन म्हणाले, आज नाही. नळीनं पोट मोकळं होतंय, ताप आहे, पू आहे, अंगात स्टेरॉइड आहे, प्रथिनं कमी आहेत, अशा अंगावर आतडं जोडलं तर जोड सुटायची भीती जास्त. आधी सोनोग्राफीवर बघत बाहेरून बारीक नळी घालून पू काढला, पिगटेल म्हणतात तिला. अँटिबायोटिक, स्टेरॉइड हळूहळू कमी करत बंद, आणि सहा आठवडे फक्त पातळ आणि प्रोटीनची पावडर. काका म्हणायचे डॉक्टर टाळतायत, पेशंट पुण्याला हलवा. मी हट्टानं थांबले. पाचव्या आठवड्यात भाऊ स्वतः चालत गणपतीला जाऊन आला तेव्हा काका गप्प झाले.

मार्चमध्ये दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. खालचा २४ सेंटीमीटर तुकडा काढला आणि वरचं दुसरं स्ट्रिक्चर, म्हणजे आकसलेली जागा, काढून न टाकता रुंद करून शिवलं. ऑपरेशननंतर सर्जननी मला आणि वहिनीला बाहेर बोलावून ट्रेमध्ये तो तुकडा दाखवला. मला वाटलं होतं चक्कर येईल, नाही आली. निरोगी आतडं मऊ आणि गुलाबी असतं म्हणे, हे ट्यूबसारखं कडक, आणि पिवळी चरबी बाजूनं वर चढून त्याला वेढून बसलेली. त्यांनी ते कापून उघडलं, भिंतच बोटाएवढी जाड, आणि मधलं भोक पेन्सिल जेमतेम जाईल एवढं. या भोकातून माझा भाऊ दोन वर्षं जेवण ढकलत होता. मला तिथं रडू आलं ते त्यामुळं.

सातव्या दिवशी घरी. आता वजन ६३. काय विचारायचं ते विचारा, माहीत असेल ते सांगते.

टाकेवाला

ताई, फार चांगलं लिहिलंत. मी सर्जन आहे, कराडच्या बाजूला काम करतो. पेशंट न बघता सल्ला देत नाही, पण आजाराचं गणित सांगतो म्हणजे लोकांना तुमच्या डॉक्टरांचं "आज नाही" का ते कळेल.

अल्सरेटिव्ह कोलायटिस हा क्रोन्सचा भाऊबंद आजार, त्यात सूज मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरापुरती असते. क्रोन्समधे ती भिंतीच्या आरपार जाते, आणि तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही येऊ शकते, मधे मधे चांगलं आतडं सोडून. आरपार असल्यामुळंच दोन प्रकारचे उपद्रव होतात. एक, सुजून भरून परत सुजून तिथं व्रण तयार होतो आणि नळी आकसते. दुसरं, जखम भिंत पोखरत बाहेर पडते, मग पूचा गोळा होतो किंवा शेजारच्या अवयवात भोक पडून फिस्टुला होतो. आतड्यातून आतड्यात, आतड्यातून कातडीवर, कधी लघवीच्या पिशवीत. लघवीतून हवा येते असं पेशंट सांगतो आणि घरचे हसतात, त्यावर हसू नका, ताबडतोब दाखवा.

औषधानं सूज उतरते, व्रण विरघळत नाही. स्ट्रिक्चर सुजेमुळं असेल तर औषधाला संधी आहे. ते जुनं, कडक झालं असेल आणि त्याच्या वरचं आतडं फुगलेलं दिसत असेल, तर गोळ्या बदलत बसण्यात अर्थ नाही. छोटं स्ट्रिक्चर, चारपाच सेंटीमीटरच्या आतलं, आणि दुर्बीण पोचत असेल तर फुगा घालून रुंद करता येतं. नाहीतर ऑपरेशन.

तुमच्या भावाच्या वरच्या स्ट्रिक्चरला जे केलं ते स्ट्रिक्चरोप्लास्टी. आतडं उभं कापायचं आणि आडवं शिवायचं, म्हणजे लांबी थोडी कमी होते पण घेर वाढतो, आणि एक सेंटीमीटरही फेकावा लागत नाही. साधारण दहा सेंटीमीटरपर्यंतच्या स्ट्रिक्चरला ही साधी पद्धत चालते, लांब असेल तर त्याच्या वेगळ्या पद्धती आहेत. आणि हे मी दरवेळी रेसिडेंट मुलांना अभिमानानं सांगतो की ही शस्त्रक्रिया आतड्याच्या टीबीसाठी आपल्या कटारिया आणि सहकाऱ्यांनी १९७७ मधे छापली, क्रोन्ससाठी ऑक्सफर्डच्या ली यांनी ती १९८२ मधे मांडली. टीबीच्या आतड्यांवर आपल्या लोकांनी केलेलं काम आधीचं आहे.

आतडं का वाचवायचं? कारण क्रोन्स ऑपरेशननं मुळापासून जात नाही. पूर्वी निदानानंतर दहा वर्षांत साधारण निम्म्या पेशंटना कधी ना कधी ऑपरेशन लागायचं, आता नव्या औषधांनी ते प्रमाण उतरलंय, तरी काहींना दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा लागतं. दरवेळी हातभर कापत गेलो तर शेवटी अन्न शोषायला आतडं उरत नाही. जुने सर्जन भरपूर मार्जिन घ्यायचे, म्हणजे आजारी भागाच्या शेजारचं चांगलं आतडंही कापायचे. १९९६ मधे क्लीव्हलँडच्या फाझिओंनी दोन सेंटीमीटर आणि बारा सेंटीमीटर मार्जिनची तुलना करून दाखवलं की जास्त कापून आजार परत यायचं प्रमाण काही कमी होत नाही. तेव्हापासून डोळ्याला दिसतं तेवढंच आजारी आतडं काढतो.

हळदीकुंकू

ताई तुमचं वाचून अंगावर काटा आला. माझा मुलगा १९ वर्षांचा, वालचंदला पहिल्या वर्षाला आहे, चार महिन्यांपूर्वी क्रोन्स निघाला. अजून पू वगैरे नाही, आकसलेलं पण नाही, शेवटच्या पंधरा सेंटीमीटरमधे सूज आहे म्हणाले. डॉक्टर बायोलॉजिक इंजेक्शन म्हणतायत, सूज आवरणारं नव्या प्रकारचं औषध. सासूबाई म्हणतात एवढी महागडी इंजेक्शनं जन्मभर घेण्यापेक्षा एकदाच कापून टाका, आणि जाऊबाई म्हणतात काहीच नको, काढे द्या. मी कुणाचं ऐकू? रात्रभर झोप नाही.

टाकेवाला

काकू, झोपा आधी. तुमच्या मुलाकडं वेळ आहे, हीच मोठी गोष्ट आहे.

सासूबाईंचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. नेदरलँड्स आणि ब्रिटनमधे अशाच पेशंटवर, म्हणजे शेवटच्या भागात चाळीस सेंटीमीटरच्या आत सूज आणि स्ट्रिक्चर-पू नाही, दुर्बिणीतून ऑपरेशन आणि इन्फ्लिक्सिमॅब हे बायोलॉजिक इंजेक्शन यांची तुलना केली होती, २०१७ मधे लॅन्सेटच्या पोटविकारांच्या जर्नलमधे आली. वर्षभरानं दोन्ही गटांची तब्येत सारखीच चांगली होती. म्हणजे दोन्ही रस्ते खरे आहेत, कुठला घ्यायचा ते मुलाचं वय, वजन, सूज आणखी कुठं आहे का, हे बघून पोटविकारतज्ज्ञ आणि सर्जन दोघांनी एकत्र बसून ठरवायचं. आणि तिसऱ्या खुर्चीवर मुलाला बसवा, १९ वर्षांचा आहे तो.

इंजेक्शन ठरलं तर आधी छातीचा एक्सरे आणि टीबीची टेस्ट झालीच पाहिजे. झोपलेला टीबी या औषधांनी जागा होतो. अडालिमुमॅब या दुसऱ्या बायोलॉजिकची भारतात बनलेली बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाच्या धर्तीवर बनवलेली औषधं, २०१४ पासून मिळतात, मूळ ब्रँडपेक्षा स्वस्त पडतात, त्याबद्दल विचारा.

काढ्याबद्दल एवढंच सांगतो, चालू औषध बंद करून काही करू नका, आणि जे काही देताय ते डॉक्टरांपासून लपवू नका.

माणदेशी

राम राम. आमी म्हसवडकडचं. जरा येगळं सांगतो, लाज सोडून सांगतो. मला भगंदर म्हणून तीन येळा कापलं, दोन येळा तालुक्याला आन एकदा साताऱ्यात, एकदा धागा पण बांधला. एक भरलं की शेजारी दुसरं फुटायचं. बसता येईना, मोटरसायकल बंद, बायको रोज गाद्या धुयाची. चार वर्षं! आन मला अधनंमधनं जुलाब व्हायचे, तोंड यायचं, वजन उतरत होतं, पण ते कुणी इचारलं न्हाई आन मी सांगितलं न्हाई, कारण मला काय म्हाईत त्याचा ह्येच्याशी संबंध. मग एका डॉक्टरीण बाईंनी, वयानं लहानच होत्या, पहिला प्रश्न इचारला, काका पोट कसं असतं? तितनं सगळं निघालं. एमआरआय केला, आत पूचे तीन रस्ते. त्यांनी कापलं न्हाई, फक्त पू काढून सैल दोरा घालून ठिवला, शेटॉन म्हणत्यात, आन इंजेक्शन चालू केलं. आता दीड वर्ष झालं, एकच भोक ऱ्हायलंय, ते बी कोरडं. भगंदर परत परत होत असंल तर पोट तपासून घ्या रं.

टाकेवाला

दादा, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात कामाचा आहे. भगंदर म्हणजे गुदद्वाराशेजारचा फिस्टुला. साधं भगंदर कापून बरं होतं. क्रोन्सचं भगंदर तसंच उघडत गेलं तर जखम भरत नाही आणि संडास धरून ठेवणारा स्नायू कमजोर होऊन बसतो, तो परत मिळत नाही. सैल सेटॉनचं काम एवढंच की रस्ता उघडा राहावा, आत पू साठू नये. बाकीचं काम औषधाचं.

वाईचा_विनायक

मी पेशंट आहे, वय ४४, मेणवलीजवळ घर. कृष्णाकाठ ताईंच्या भावासारखी तयारीची संधी मला मिळाली नाही. मी चार वर्षं स्टेरॉइड स्वतःच्या मनानं कमीजास्त करत होतो, मेडिकलवाला ओळखीचा, चिठ्ठी न बघता द्यायचा. चूक माझी. २०२१ मधे एका पहाटे आतडं फुटलं, पोट लाकडासारखं कडक, साताऱ्याला नेईपर्यंत बीपी मिळत नव्हतं. इमर्जन्सीत आतडं जोडलं नाही, टोक बाहेर काढून पिशवी लावली. शुद्धीवर आल्यावर पोटावर लाल मांस बघून मी बायकोला म्हणालो होतो की मला वाचवायलाच नको होतं. आज ते वाक्य आठवलं की तिच्याकडं बघवत नाही.

पिशवीबद्दल कुणीच नीट सांगत नाही म्हणून मी सांगतो. स्टोमा म्हणजे पोटावर बाहेर काढलेलं आतड्याचं टोक, त्याला स्वतःला दुखत नाही, तिथं दुखण्याची नसच नाही. दुखते ती आजूबाजूची कातडी, कारण लहान आतड्याचं पाणी पाचकरसाचं असतं, कातडी जाळतं. सगळा खेळ पिशवी कातडीला चिकटवणाऱ्या चकतीच्या भोकाचा आहे. स्टोमा मोजायचा आणि त्यापेक्षा एखाददोन मिलीमीटरच मोठं भोक कापायचं. सुरुवातीचे दीडदोन महिने स्टोमा आकसत जातो म्हणून दर आठवड्याला परत मोजायचा. मला हे कुणी शिकवलं नव्हतं, मी पहिल्या दिवशीचंच माप कापत राहिलो आणि महिनाभर कातडी सोलून निघाली. नंतर पुण्यात स्टोमा थेरपिस्ट भेटल्या, त्यांनी अर्ध्या तासात शिकवलं. कातडी साध्या पाण्यानं धुवून पूर्ण कोरडी, साबण-तेल नाही, चकती हाताच्या उबेनं दोन मिनिटं गरम करून मग चिकटवायची. बदलायची वेळ पहाटेची, काही खायच्या आधी, तेव्हा स्टोमा शांत असतो. पिशवी एकतृतीयांश भरली की रिकामी करायची, जड झाली की ओढ बसून सुटते.

आणि ओआरएस. नुसतं पाणी पीत राहिलो तर बाहेर जास्त जातं, मीठ-साखरेचं प्रमाण नीट असलेलं पाणी आतडं धरून ठेवतं. उन्हाळ्यात मी दोनदा यासाठीच अॅडमिट झालो.

माझी पिशवी सात महिन्यांनी बंद केली. त्या सात महिन्यांत मी शेतावर गेलो, मुलीच्या शाळेत गेलो, पाचगणीला भाचीच्या लग्नात पंगतीत वाढलं. कुणाला कळलं नाही.

कृष्णाकाठ

विनायकदादा, वहिनींना नमस्कार सांगा. तुमचा मजकूर मी भावाला वाचून दाखवला, तो बराच वेळ काही बोलला नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्याच्या पोटावर पण पेननं खूण करून ठेवली होती, गरज पडली तर पिशवी कुठं बसेल त्याची. उभं करून, बसवून, पँटचा पट्टा कुठं येतो ते बघून. तेव्हा आम्ही घाबरलो होतो, आता कळतंय की ती खूण किती विचारानं केलेली.

व्यनित (खाजगी निरोपात) बऱ्याच जणांनी आता पुढं काय म्हणून विचारलंय. थोडक्यात सांगते. लहान आतड्याचं शेवटचं टोक गेलं की बी-१२ शोषलं जात नाही, त्यामुळं त्याची रक्तात पातळी बघतात आणि इंजेक्शन देतात. पित्ताचे क्षार पण तिथंच शोषले जातात, ते मोठ्या आतड्यात उतरले की पाण्यासारखे जुलाब होतात. आम्ही घाबरलो की आजार परत आला, पण कोलेस्टिरामाइनची पावडर दिल्यावर चार दिवसांत थांबले. घरच्या घरी लोपेरामाइड किंवा पेनकिलर घेऊ नका, विशेषतः डायक्लोफिनॅक, ब्रुफेनसारख्या गोळ्या या आजारात घात करतात.

सिगरेट. भाऊ कंपनीच्या गेटवर चहाबरोबर ओढायचा, दिवसाला चार-पाच. सर्जन स्पष्ट म्हणाले, हे चालू ठेवलंस तर मी केलेलं काम वाया जाईल. सिगरेट ओढणाऱ्यांचा आजार जोडावर लवकर परत येतो. सोडली त्यानं.

आणि कोलोनोस्कोपी. "आता बरा आहे, कशाला परत नळी" असं आईच काय, मी पण म्हणत होते. पण बेल्जियमच्या रुटगर्ट्सनी १९९० मधेच दाखवलंय की औषध न घेणाऱ्यांत वर्षभरात ७० टक्क्यांहून जास्त लोकांच्या जोडावर आजार दिसायला लागतो आणि त्रास मात्र २० टक्क्यांनाच होत असतो. म्हणजे बाकीचे बरे आहोत म्हणून फिरत असतात आणि आत सुरू झालेलं असतं. त्यांच्याच नावाचा स्कोर असतो, आय-शून्य ते आय-चार. भावाचा आय-एक आला. जोडाच्या वर दोन-तीन बारीक फोड, बस. औषध चालू आहे तेच ठेवायचं.

खर्चाचं विचारलंय. अॅडमिट व्हायच्या आधीच हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड-आधार दाखवून महात्मा फुले योजनेत काय बसतं ते विचारून घ्या, अॅडमिट झाल्यावर धावपळीत कागद सापडत नाहीत.

टाकेवाला

आय-एक! अभिनंदन, भावाला सांगा.

ऑपरेशन म्हणजे संपलं असं वाटणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. १९३२ मधे क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांनी न्यूयॉर्कमधून हा आजार मांडला. १९५६ च्या जूनमधे अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांचं आतडं याच आजारानं अडलं आणि रात्रीतून ऑपरेशन करावं लागलं. त्याच्या आदल्या वर्षी त्यांना हार्ट अटॅक येऊन गेलेला, वय ६५. पाच महिन्यांनी, नोव्हेंबरमधे, ते दुसऱ्यांदा निवडून आले. आणि तेव्हा आजारी भाग काढलाही नव्हता, फक्त बाजूनं रस्ता करून दिला होता. आता आपल्याकडं त्यापेक्षा कितीतरी चांगली साधनं आहेत.

तासगावकरीण

सगळा धागा दोनदा वाचला. माझ्या नवऱ्याचं मंगळवारी मिरजेत आहे, असंच, खालचा भाग काढायचाय. द्राक्षाची छाटणी नुकतीच झालीय, दीर बागेत अडकलेत, सासूबाई थकलेल्या, त्यामुळं तिथं मी एकटीच असणार आहे. डॉक्टरांना काय विचारू तेच कळत नाही, समोर गेलं की सगळं विसरते.

कृष्णाकाठ

वहीत लिहून न्या. किती आतडं काढणार आणि किती उरणार. पिशवी लागायची शक्यता आहे का, असेल तर खूण कोण करणार. स्टेरॉइड चालू असेल तर किती आहे ते त्यांना परत सांगा. रक्त गोठू नये म्हणून पोटात इंजेक्शन देणार का, या आजारात पायाच्या शिरेत गुठळी व्हायची भीती जास्त असते. आणि ऑपरेशननंतर चौथ्या-पाचव्या दिवशी ताप आला, नाडी जोरात चालली, पोट दुखायला लागलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी नर्सला उठवा. सुटलेला जोड तेव्हाच बोलतो.

मंगळवारी सकाळी किती वाजता नेणार आहेत? मी सांगलीतूनच येते, अर्ध्या तासाचा रस्ता. व्यनित वॉर्ड कळवा. तुमचा डबा मी आणते, तुम्ही चुलीपाशी थांबू नका.

तासगावकरीण

साडेसातला आत घेणार आहेत. व्यनि केलाय ताई.